त्यांचा छंद, माझं लक्षण

अमरावतीत राहून अकोल्याला नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे 'अपडाउनवाला' म्हणतात. या शब्दाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी गाडी मुंबईच्या दिशेने जाते म्हणून ती अप, संध्याकाळी परत आणते ती डाउन. मी दोन्हींत बसतो. शब्द तंतोतंत बरोबर आहे. लोकांनी माझ्यासाठी आजवर जे जे शब्द वापरले, त्यांत तपासून बरोबर निघालेला हा एकच. बाकीच्यांबद्दल खालील तक्रार आहे.

आमच्या डब्यात चार जण बडनेऱ्याला चढतात आणि एकाच ठरलेल्या बाकड्यांवर समोरासमोर बसतात. गुडघ्यांवर कालचा पेपर पसरतात आणि मेंढीकोट खेळतात. पहिला विनोद कुरुमच्या आधी होतो, दुसरा माना गेल्यावर. विनोद तेच असतात. हसणंही तेवढंच असतं. एकदा एक कॉलेजचं पोरगं त्यांच्या जागेवर बसलं, तर ते भांडण बोरगावपर्यंत चाललं आणि मध्ये टीसीला बोलवावं लागलं. या चौघांना सगळा डबा 'ग्रुप' म्हणतो.

मी त्यांच्या पलीकडे, खिडकीशी, इंजिनाकडे तोंड करून बसतो. ती जागा गेली असेल तर मी भांडत नाही, दाराशी उभा राहतो. याला डबा 'लक्षण' म्हणतो.

हे असं व्हायला एक दिवस कारण झाला. ग्रुपमधले एक काकाजी मला म्हणाले, "काऊन रे बावा, तू खेयत काऊन नाई आमच्यासंगं?" प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं अशी माझी समजूत आहे. मी सांगितलं की पत्ते, हसणं आणि गाडीचा आवाज या तीन गोष्टी मला एका वेळी जमत नाहीत, कारण मला ॲस्पर्गर आहे. काकाजी म्हणाले, "अरे बाप्पा." अकोला येईपर्यंत बातमी डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि जाताना बदलत गेली. अस्परगर, अस्परजर, अस्परगस. एकाने 'बर्गर' एवढंच ऐकलं आणि मला बाहेरचं खाऊ नको म्हणून सांगितलं. अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ असल्यामुळे शेतीशास्त्र शिकलेला माणूस प्रत्येक डब्यात एकतरी असतोच. त्याला ते 'ॲस्परजिलस' ऐकू आलं. "भुईमूग नीट वायवला नाई का होते ते," तो म्हणाला. "शेंगात ओल राह्यली का बुरशी धरलीच समजा." सर्वांत उपयोगी सल्ला अजूनपर्यंत हाच मिळालेला आहे.

नाव मला 2014 साली नागपूरच्या एका डॉक्टरांनी दिलं. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने मे 2013 मध्येच आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीतून ते काढून टाकलं होतं. म्हणजे माझ्या हाती आलं ते वर्षभरापूर्वी बाद झालेलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. विदर्भात सिंचनाचा अनुशेष आहे, रस्त्यांचा आहे, तसा निदानाचाही असणार. मग जानेवारी 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीतूनही ते गेलं आणि सगळ्यांना मिळून 'स्वमग्नता वर्णपट' असं एकच मोठं छप्पर झालं. आठ वर्षं लोकांना एक शब्द उच्चारायला शिकवावा आणि मग तो परत मागून घ्यावा, असं झालं.

ज्यांच्यावरून ते नाव पडलं ते हान्स ॲस्पर्गर व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. 1944 साली त्यांनी चार मुलांवर निबंध लिहिला. अशा मुलांना 'छोटे प्राध्यापक' म्हणायची रीत त्यांच्यापासून पडली. लंडनच्या लोर्ना विंग यांनी 1981 मध्ये त्यांचं नाव या प्रकाराला लावलं. पुढे 2018 साली हेरविग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नातली जुनी कागदपत्रं काढून दाखवलं, की या डॉक्टरांनी नाझी राजवटीशी सहकार्य केलं होतं आणि त्यांच्या सहीच्या शेऱ्यांवर काही मुलं 'आम श्पीगेलग्रुंड' नावाच्या संस्थेत पाठवली गेली होती. तिथे अपंग मुलांना मारलं जात असे. मुलांवर शेरे लिहिणाऱ्या माणसाचंच नाव आपल्याला शेरा म्हणून लागलं आहे, हे वाचल्यावर मी दोन दिवस गप्प जेवलो. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी एरवीही गप्पच जेवतो.

त्यांच्या वीसेक वर्षं आधी, 1925 साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी सहा मुलांचं जवळजवळ असंच वर्णन लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव कोणाला लागलं नाही. लागलं असतं तर वऱ्हाडात आठवडाभरात त्याचं 'सुखदेव' झालं असतं आणि माझी तक्रार तिथेच मिटली असती. आमच्याकडे प्रत्येक गावात एक सुखदेव असतोच, आणि तो थोडा वेगळा असतो.

नाव मिळण्याआधी मी बिननावाचा होतो असं मात्र कोणी समजू नये. शाळेत मी घुम्या होतो. मावशीच्या गावी भैताड, आजोळी येडा, लग्नाच्या बाजारात माणूसघाणा आणि नोकरी लागल्यावर शिष्ट. भैताडाचा शिष्ट व्हायला फक्त पगार लागतो. अलीकडची पोरं 'रोबोट' म्हणतात. या सगळ्या शब्दांत एक सोय होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. येड्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. येडा एका कोपऱ्यात बसला की लोक त्याला चहा आणून देतात आणि आपापल्या कामाला लागतात. ॲस्पर्गर झाल्यापासून चहा बंद झाला आणि लोक समोर खुर्ची घेऊन बसायला लागले, मी काहीतरी करून दाखवीन म्हणून.

ही अपेक्षा सिनेमांनी केलेली आहे. 1988 च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमन जमिनीवर सांडलेल्या दातकोरण्यांकडे नुसतं पाहून 246 हा आकडा सांगतो. माझा पुण्याचा मामेभाऊ दिवाळीला आला आणि त्याने माझ्यासमोर काडेपेटी उपडी केली. घरातले सगळे थांबले. पेटीवर सरासरी काड्या किती ते छापलेलं असतं, ते मी वाचून सांगितलं. त्याने मोजल्या तर एक कमी निघाली आणि सगळ्यांची निराशा झाली. काड्या मलाच भराव्या लागल्या. ज्या माणसावरून ते पात्र सुचलं तो किम पीक, त्याच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा जन्मतःच नव्हता, आणि तो स्वमग्न नव्हताच असं मत नंतर पुढे आलं. म्हणजे सगळ्या जगाने आमचा नमुना म्हणून जो पाठ केला, तो आमच्यातला नव्हता. हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "बघा, किती माहिती आहे याला!"

बारावीला गणितात मला 41 गुण होते. ही गुणपत्रिका मी पाकिटात ठेवतो. हापिसात मी आवक-जावकला आहे. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, गेलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा. क्रमांक आदल्या क्रमांकाच्या पुढचा असतो. तरी लोक माझ्याकडे जीएसटीचे हिशेब घेऊन येतात. मे 2021 मध्ये इलॉन मस्क अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात म्हणाले की आपल्याला ॲस्पर्गर आहे. त्याच महिन्यात दोघांनी मला कोणते शेअर घेऊ म्हणून विचारलं. मी घेऊ नका म्हणालो. त्यांनी घेतले नाहीत, ते वर गेले, आणि आता ते दोघे माझ्याशी बोलत नाहीत. या दोघांपुरता मला फायदाच झाला.

पण सिनेमाचा खरा मार मला अकोल्याला बसला, मामेबहिणीच्या हळदीला. शाहरुख खानचा 'माय नेम इज खान' 2010 चा. त्यातल्या रिझवानला ॲस्पर्गर आहे, आणि त्याला पिवळा रंग सोसत नाही. माझं निदान झाल्यावर मावशीने तो सिनेमा टीव्हीवर मन लावून पाहिला होता. मी मांडवात पाय ठेवला तशी ती धावत आली. "याले पिवयाचं भेव आहे, याले तिकडे नेऊ नका!" मला मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. जेवायला मला एकट्याला बिनहळदीचं वरण आलं. चौतीस वर्षं मी मावशीच्या हातचं पिवळं वरण, पिवळी कढी आणि पिवळं पिठलं खाल्लेलं होतं, आणि ते वाढणारी मावशीच होती. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "तवा तुले सांगता नाई आलं राजा." डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. त्यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते वरण संपवलं. जेवणानंतर संत्री आली. संत्रं पिवळ्यात धरायचं की भगव्यात यावर दाराबाहेर बरीच चर्चा झाली. वरुड-मोर्शीकडची माणसं असल्यामुळे ती लवकर मिटली नाही.

मला खरोखर सोसत नाही तो डीजे. तो माझ्या खोलीच्या खिडकीला लागून होता, भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. सिनेमातून सगळ्यांना रंग तेवढा लक्षात राहिला होता.

डोळ्यांचं एक प्रकरण वेगळं आहे. लहानपणी मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावून बोललो की वडील म्हणायचे, "नजर खाली." मी ठेवली. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी संस्कार होता. नातेवाईक माझं उदाहरण देत. मग मी मोठा झालो आणि मुलाखतीत, हापिसात, डॉक्टरकडे, सगळीकडे "डोळ्यांत पाहून बोला" सुरू झालं. नियम कोणत्या तारखेपासून बदलला याचं परिपत्रक आवक-जावकला आलेलं नाही. मराठीत डोळे वटारतात, मारतात, काढतात, झाकतात, फिरवतात आणि पांढरे करतात. ज्या अवयवाची एवढी दहशत आहे त्याच्याकडे न पाहणं याला मी सावधपणा समजत होतो.

स्वमग्न हा शब्दही घ्या. ऑइगेन ब्लॉइलर या स्विस डॉक्टरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' केला, आणि मराठीत कोणीतरी अगदी प्रामाणिकपणे त्याचं भाषांतर केलं. मूळची चूकही भाषांतरात नीट आली. मी खिडकीतून पाहत असतो तेव्हा काटेपूर्णेचं पाणी, पऱ्हाटी कुठवर आली, कोणत्या वावरात तूर आहे, हे पाहत असतो. यात 'स्व' कुठेही नाही. समोरचे काकाजी त्याच वेळी त्यांच्या प्लॉटबद्दल, प्लॉटच्या कंपाउंडबद्दल आणि त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत असतात, तेही मूर्तिजापूरपासून. ते सामाजिक आहेत.

मूर्तिजापूर आलं की सगळा डबा शकुंतलेवर बोलतो. इथून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, मिळून सुमारे 190 किलोमीटरची ही नॅरोगेज रेल्वे होती, इंग्रजांच्या खाजगी कंपनीची. प्रत्येक अपडाउनवाल्याकडे एक आजोबा असतात, जे चालत्या शकुंतलेतून उतरून बोरं तोडून परत चढले होते. हे आजोबा सगळ्यांचे मिळून एकच असावेत असा मला संशय आहे. कोणी तरी म्हणतं की तिचं वाफेचं इंजिन नव्वद-ब्याण्णवपर्यंत होतं. मी म्हणतो, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि 15 एप्रिल 1994 ला काढलं, शुक्रवार होता. लगेच कोपरं चालतात. "लागला पाय कॉम्प्युटर." याच काकाजींना 1983 च्या विश्वचषकाचा धावफलक तोंडपाठ आहे. भारत 183, वेस्ट इंडीज 140. झिंबाब्वेविरुद्ध कपिलच्या नाबाद 175, तारीख 18 जून, आणि तो सामना टीव्हीवर दिसला नाही याबद्दलची हळहळ, असं सगळं ते दर महिन्याला म्हणून दाखवतात. तेव्हा कोणी कोपर चालवत नाही. लोक माना डोलावतात. कपिलदेवचा आकडा पाठ असला तर तो छंद, इंजिनाचा असला तर ते लक्षण. ही सीमारेषा कोणत्या ग्रंथात आखली आहे ते मी शोधतो आहे.

मोजमाप मात्र आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने 2009 मध्ये खास भारतीय पट्टी तयार केली. त्यात 40 मुद्दे असतात आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण मिळतात. शून्याची सोय नाही. म्हणजे आमच्या ग्रुपमधला सर्वांत मोकळा, सर्वांत बोलका माणूस नेऊन बसवला तरी त्याला बसल्या जागी 40 गुण मिळतील. मला बारावीला त्यासाठी वर्षभर अभ्यास करावा लागला होता. 70 च्या खाली राहिलं तर तुम्हाला काही नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. मी सौम्य निघालो. सौम्य म्हणजे इतरांना माझा त्रास कमी होतो. मला इतरांचा किती होतो, तो रकाना कागदावर मला सापडला नाही.

प्रमाणपत्रासाठी एका सरकारी खिडकीवर गेलो. आतल्याने विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हणालो, मीच. त्याने खिडकीतून वाकून खाली पाहिलं. "कोणता पाय?" मी सांगितलं, दोन्ही चांगले आहेत. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याने मला डोळ्यांच्या रांगेत उभं केलं. मी अर्धा तास उभा राहिलो, कारण उभं राहा असं सांगितलं होतं. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांतला एक आहे, हे मला माहीत होतं. त्याच्या खिडकीवर जुना, पायांचा कायदा चालू होता.

याच कायद्याच्या 92 व्या कलमाप्रमाणे अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. मी एकदा मनातल्या मनात यादी करून पाहिली. आमचा अर्धा डबा रिकामा होईल. जागेचा प्रश्न सुटेल, पण मेंढीकोटाचा आवाज यायचा बंद होईल आणि त्याचीही आता सवय झालेली आहे. सवय मोडणं मला जड जातं. हे लक्षण आहे.

सर्वांत प्रेमळ वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं होतं: "अरे, आपण सगळेच थोडे थोडे असेच असतो." हे वाक्य बहुतेक वेळा पुण्यामुंबईहून येतं. मे 2024 मध्ये अकोल्यात उन्हामुळे कलम 144 लावावं लागलं होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. त्या आठवड्यात पुण्याच्या मामेभावाचा फोन आला. मी सांगितलं, पारा 45 च्या वर आहे. तो म्हणाला, "हो ना, आमच्याकडेही फार उकडतंय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच उकडत होतं.

अमरावतीला मालटेकडीवर फिरायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. (छोटे नव्हेत, खरे.) त्यांना माझं कळल्यावर ते रोज एक मोठा माणूस आणून माझ्या शेजारी बसवू लागले. सोमवारी न्यूटन, मंगळवारी आइनस्टाइन. या दोघांना कोणी तपासलेलं नाही, पट्टीवर त्यांना किती पडले असते ते सांगता येत नाही, पण सर थांबले नाहीत. शुक्रवारी त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "आपले रिद्धपूरचे गोविंदप्रभूसुद्धा, बरं का..." इथे मात्र मी फिरणं थांबवलं. तेराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या लोकांनी आपल्या राउळांना, म्हणजे या गोविंदप्रभूंनाच, वेडे म्हटलं, पिसे म्हटलं, हे म्हाइंभटांनी लिहूनच ठेवलं आहे. वाटेल त्या घरात शिरावं, वाटेल त्या भांड्यात हात घालावा, लहान मुलासारखं खेळावं, असं त्यांचं वागणं. पण त्याच लोकांनी त्याच माणसाला माय म्हटलं, बाप म्हटलं, आणि अडचण आली की त्याच्याच दाराशी गेले. महानुभावांच्या पाच कृष्णांपैकी ते एक. त्यांना जे म्हणायचं ते त्यांच्या गावाने सातशे वर्षांपूर्वी म्हणून घेतलं आहे, त्यात आपण व्हिएन्नाचा शब्द कशाला घालायचा, तोही बाद झालेला? सर म्हणाले, "तुला राग आला का? अशा लोकांना राग आलेला कळत नाही म्हणतात." मला कळला होता. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथे 'वेडा' आणि 'माय' हे दोन शब्द एकाच माणसाला एकाच तोंडाने कसे लागतात यावर कोणी काम करणार असेल तर मी आवक-जावक बघायला तयार आहे.

मुलींचं वेगळं आहे. माझी एक चुलत बहीण पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहते, विचारलं तेवढंच बोलते, रांगोळीचा एक ठिपका हलला तर सगळी पुसून पुन्हा काढते. तिला सगळे 'वळणाची' म्हणतात. स्थळंही चांगली येतात. मी तिला काही म्हणत नाही. शेरे वाटायचं काम मी घेतलेलं नाही.

'याला काही वाटतच नाही' हा शेरा मला आमच्या गल्लीत एक काकू वारल्या तेव्हा मिळाला. मी रडलो नाही, कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. माणसं 37 आली होती आणि खुर्च्या 22 होत्या, म्हणून मी शेजारच्या गल्लीतून 15 आणल्या. पाण्याच्या दोन कॅन आणल्या. ज्यांना पुष्कळ वाटत होतं ते त्या खुर्च्यांवर बसले आणि माझ्याबद्दल बोलले.

डेमियन मिल्टन नावाचे एक इंग्रज अभ्यासक आहेत, स्वतः स्वमग्न. 2012 साली त्यांनी लिहिलं की गोंधळ दोन्ही बाजूंनी असतो: आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही, शेरा मात्र एकाच बाजूला लागतो. हे शोधायला त्यांना विद्यापीठात जावं लागलं. वऱ्हाडात जेवणाच्या वेळी कोणाच्याही दारावरून जाऊन पाहावं. "या जेवाले," म्हणतात. मी गेलो. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या घरी. तिन्ही घरी ताटं मोजकी होती आणि तिन्ही घरी मला पोटभर वाढलं, कारण वऱ्हाडी माणूस शब्दाला जागतो, नको असलेल्या शब्दालाही. नंतर आईला निरोप आला: पोराले सांगा, तसं म्हनाची पद्धत असते. निघताना माणूस "येतो" म्हणतो आणि जातो. "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा घरून निघालेला नसतो. "काही नाही, सहज आलो" म्हणणारा उसने मागायला आलेला असतो. संवादाचा दोष मात्र माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलेला आहे, शिक्क्यासकट.

गेल्या महिन्यात ग्रुपमधला एक जण रिटायर झाला. मेंढीकोटाला चार लागतात. दोन दिवस तिघे नुसते पेपर पसरून बसले. कुरुम विनोदाशिवाय गेलं. तिसऱ्या दिवशी काकाजी माझ्याकडे वळले. "ये बावा. तुयासारख्याले तर सारे पत्ते ध्यानात राह्यत असन." बाकीचे दोघे सरसावून बसले. एकाने मला मुद्दाम आपला भिडू घेतला. त्याने 'रेन मॅन' पाहिला असावा, त्यात ते जुगारात जिंकतात. हरणाऱ्यांनी मूर्तिजापूरला चौघांचा चहा पाजायचा असं ठरलं.

मी पानं नीट लावली, आधी रंगाप्रमाणे, मग क्रमाने. माझा भिडू समोर बसला होता. माना गेल्यापासून त्याच्या उजव्या डोळ्याला काहीतरी व्हायला लागलं. सारखा मिटत होता. मग भुवई वर जायला लागली. मग त्याने दोनदा खोकून नाक चोळलं. अकोल्यात त्या वेळी डोळ्यांची साथ होती. मी त्याला माझा धुतलेला रुमाल दिला आणि डोळा चोळू नका म्हणालो. काकाजी हसता हसता पेपरवर आडवे झाले. चारही दहिल्या त्यांच्याकडे गेल्या, म्हणजे कोट.

मूर्तिजापूरला चहावाला आला. भिडू माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. मी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे पाहत होतो. "कायचा अस्परगर रे बावा तू," तो म्हणाला. चार चहांचे चाळीस रुपये. माझे वीस, त्याचे वीस, सगळे सुटे. ते त्याने माझ्याकडेच मोजायला दिले.